विंचवाचं बिऱ्हाड

फाइल समोर दिसत होती. नाव बरोबर, जागा बरोबर, चालवायची परवानगीही दिलेली. आणि टर्मिनल सांगत होतं, सापडत नाही.

मी एवढंच केलं होतं, की पायथनचं एक 'व्हेन्व्ह', म्हणजे एका कामापुरता वेगळा थाटलेला पायथनचा संसार, डेस्कटॉपवरून उचलून दुसऱ्या फोल्डरात नेला होता. आतला एकही बाइट बदलला नव्हता. तरी त्यातली 'पिप' ही आज्ञा चालेना. तासभर डोकं खाजवल्यावर ती फाइल एडिटरमध्ये उघडली आणि पहिल्याच ओळीत उलगडा झाला. हॅशचं चिन्ह, उद्गारचिन्ह, आणि पुढे पायथनचा संपूर्ण पत्ता: डेस्कटॉपवरच्या जुन्या घराचा. न सापडणारी फाइल 'पिप' नव्हतीच. तिच्या पोटात जिचा पत्ता लिहिला होता ती सापडत नव्हती, आणि ती कोणती हे सांगायची तसदी माझ्या शेलनं घेतली नव्हती.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. प्रोग्रामही तसाच असतो, फोल्डर उचललं की बिऱ्हाड उचललं, अशी माझी तोवर समजूत होती. निघालं उलटंच. बहुतेक प्रोग्राम रेशनकार्डावरच्या पत्त्याला चिकटलेल्या गृहस्थासारखे असतात: माणूस कधीच पिंपरीला राहायला गेला, कागदोपत्री अजून दादरच्या चाळीत.

तेव्हापासून एका प्रश्नानं मला धरलं आहे. प्रोग्राम कुठल्या तरी यंत्रावर बांधला जातो, गाठोड्यात बांधून निघतो आणि बांधणाऱ्यानं कधी न पाहिलेल्या संगणकावर जाऊन उतरतो. मग आपण कुठे आहोत हे त्याला कळतं कसं?

पत्ता आत शिरतो तो जन्माच्या वेळी. यूनिक्सच्या वळणाच्या जगात सोर्स कोड बांधायला घेण्याआधी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालवतात. तिला 'प्रीफिक्स' सांगायचा, म्हणजे बिऱ्हाड कोणत्या फोल्डराखाली थाटायचं ते. काहीच सांगितलं नाही तर जीएनयूच्या रिवाजाप्रमाणे ते '/यूएसआर/लोकल' धरलं जातं. प्रोग्रामला पुढे आपल्या सेटिंगची फाइल लागते, भाषांतरं लागतात, चित्रं लागतात. ती कुठून आणायची हे कंपाइल होताना त्याच्या अंगात अक्षरशः कोरलं जातं. बायनरी फाइल उघडून पाहिली तर अगम्य बाइटांच्या गर्दीत मध्येच हा पत्ता साध्या अक्षरांत चमकताना दिसतो.

पॅकेज करणाऱ्याची खरी कसरत पुढे सुरू होते, कारण त्याला एकाच वेळी तीन जागांचा हिशेब ठेवायचा असतो. एक, जिथे प्रोग्राम बांधला गेला. दोन, जिथे फाइली तात्पुरत्या मांडल्या, कारण पॅकेज करायचं म्हणून कुणी स्वतःच्या चालत्या संगणकाच्या '/यूएसआर'मध्ये त्या ओतत नाही. आणि तीन, जिथे त्या अखेर नांदणार. दुसऱ्या जागेसाठी 'डेस्टडिर' नावाचा एक व्हेरिएबल असतो. रुखवत कार्यालयात मांडतात, पण वस्तू जायच्या असतात दुसऱ्याच घरी, तसंच हे. मांडायचं सगळं अगदी सासरच्या घरात शोभेल असं, आणि कार्यालयाचं नाव मात्र एकाही भांड्यावर येता कामा नये. आलं तर? आरपीएम या लिनक्सवरच्या साधनानं पॅकेज बांधताना त्यासाठी एक पहारेकरी ठेवलेला आहे. मांडलेल्या सगळ्या फाइली तो चाळतो, आणि त्यात कुठेही त्या तात्पुरत्या जागेचा पत्ता सापडला तर काम तिथल्या तिथे थांबवतो.

आरपीएमचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू, कारण 'हे गाठोडं हव्या त्या जागी सोडा' असं म्हणायची सोय त्यात फार पूर्वीपासून आहे. रेड हॅटच्या मंडळींनी १९९०च्या दशकात ते घडवलं, आणि एडवर्ड बेली यांच्या १९९७ सालच्या 'मॅक्सिमम आरपीएम' या पुस्तकात जागा बदलू शकणाऱ्या पॅकेजांवर एक अख्खं प्रकरण आहे. पॅकेजच्या कृतीत 'प्रीफिक्स'ची एक ओळ घालायची: माझ्या फाइली अमुक फोल्डराखाली आहेत, पण पत्त्याचा तेवढा भाग बदलला तरी माझी हरकत नाही. मग बसवणारा सांगू शकतो, की '/यूएसआर' नको, '/ऑप्ट'मध्ये ठेव. आरपीएम प्रत्येक फाइलच्या पत्त्याचं तोंड बदलतं आणि ती नव्या जागी उतरवतं. जी फाइल त्या प्रीफिक्सखाली नव्हतीच, ती जुन्याच जागी बसते.

इथपर्यंत हमालाचं काम झालं. गोम पुढे आहे. पॅकेजबरोबर छोट्या स्क्रिप्ट येतात: बसवण्याआधी चालवायची, बसवल्यावर चालवायची, काढण्याआधी आणि काढल्यावर चालवायची. कुठे एक लिंक जोड, कुठे एखादी यादी ताजी कर, अशी किरकोळ पण अडणारी कामं त्या करतात. आरपीएम फाइली हलवतं. स्क्रिप्टमधली अक्षरं बदलत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं त्यात '/यूएसआर/बिन/अमुक' असं ठोकून लिहिलं असेल, तर सामान '/ऑप्ट'मध्ये उतरलं तरी स्क्रिप्ट '/यूएसआर'च्याच दाराशी जाऊन हाका मारत बसते. त्याहून वाईट म्हणजे तिथे दुसऱ्याच कुणाची त्याच नावाची फाइल असली तर तिलाच हात लावते.

यावर आरपीएमनं काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो साधा आहे. स्क्रिप्ट चालवण्याआधी आरपीएम तिच्या कानात पत्ता सांगतं. 'आरपीएम इन्स्टॉल प्रीफिक्स' नावाचा एक व्हेरिएबल, मधल्या मोकळ्या जागी अधोरेषा घातलेला, आणि त्यात बसवणाऱ्यानं प्रत्यक्षात निवडलेली जागा. प्रीफिक्स एकाहून जास्त असतील तर नावापुढे शून्यापासून आकडे. स्क्रिप्टनं पत्ता गृहीत धरायचा नाही, हा व्हेरिएबल विचारायचा. निवडलेली जागा आरपीएम आपल्या डेटाबेसमध्येही नोंदवून ठेवतं. त्यामुळे चार वर्षांनी कुणी पॅकेज काढायला घेतलं, तर काढण्याच्या स्क्रिप्टलाही तोच खरा पत्ता मिळतो. सामान आणणारे बदलले, मालक बदलला, वहीतली नोंद शाबूत.

एवढं असून ही सोय वापरात जवळजवळ नाही. आरपीएमवर चालणाऱ्या लिनक्सवर कुठल्याही पॅकेजची माहिती विचारा. 'रीलोकेशन्स' या ओळीसमोर बहुधा कंसात उत्तर येईल, 'नॉट रीलोकेटेबल'. फेडोरा या लिनक्सच्या नियमावलीत तर पॅकेजकारांना या वाटेला जाऊ नका असं जवळजवळ बजावलेलंच आहे. कारण उघड आहे. आरपीएम फाइल उचलून ठेवतं, पण तिच्या पोटात कोरलेल्या पत्त्याला हात लावत नाही. 'प्रीफिक्स'ची ओळ म्हणजे लेखकानं दिलेला शब्द असतो, की माझ्या प्रोग्रामच्या पोटात जुना पत्ता नाही. असा शब्द देणं सोपं, पाळणं महाकठीण.

मग पोटातला पत्ताच बदलला तर?

हे ऐकल्यावर मी आधी हसलो होतो. बायनरी फाइल म्हणजे रचलेली भिंत. अमुक माहिती सुरुवातीपासून इतक्या बाइटांवर, तमुक कृती तितक्या बाइटांवर, असे आतले सगळे हिशेब अंतरांवर चालतात. मध्ये एक बाइट वाढवा किंवा घटवा, पुढचं सगळं सरकतं आणि हिशेब कोलमडतो. तिथे '/यूएसआर'च्या जागी एखादा लांबलचक पत्ता कसा घुसवणार?

कॉन्डानं तो घुसवून दाखवला. २०१२ साली आलेलं हे साधन मुख्यत्वे वैज्ञानिक कामासाठी पायथन वापरणाऱ्यांचं. त्यांची अडचण अशी, की संस्थेच्या मोठ्या संगणकावर त्यांना मालकी हक्क नसतो, त्यामुळे जो तो आपापल्या होम फोल्डरात बिऱ्हाड थाटतो. जितके वापरणारे तितके पत्ते. आणि पॅकेज तर एकदाच बांधायचं. मग ते बांधायचं कोणत्या पत्त्यासाठी?

उत्तर: खोट्या आणि मुद्दाम अतिलांब पत्त्यासाठी. कॉन्डाचं पॅकेज बांधताना फोल्डराचं नाव 'प्लेसहोल्ड प्लेसहोल्ड प्लेसहोल्ड' असं पुन्हा पुन्हा लिहून ताणत नेतात, पूर्ण पत्ता २५५ बाइटांचा होईपर्यंत. हा वेडगळ पत्ता बायनरींच्या पोटात कोरला जातो. कोणकोणत्या फाइलींत तो आला याची यादी पॅकेजबरोबर जाते. तुमच्याकडे पॅकेज उतरलं की कॉन्डा ती यादी घेऊन बसतं. साध्या मजकुराच्या फाइलीत खोटा पत्ता पुसून खरा लिहितं, तिथे लांबीचं बंधन नाही. बायनरीत मात्र बँकेच्या फॉर्मवर चौकोनांत नाव भरावं तसं करतं. चौकोन २५५, तुमचा पत्ता समजा ३० अक्षरांचा. तो पहिल्या ३० चौकोनांत भरायचा, त्याला लागून असलेली पत्त्याची शेपूट, म्हणजे '/लिब/अमुक' वगैरे, पुढे ओढून आणायची, आणि उरलेले २२५ चौकोन शून्य बाइटांनी भरून टाकायचे. सी भाषेत शून्य बाइट म्हणजे मजकुराचा पूर्णविराम. वाचणारा पहिल्या शून्याशी थांबतो, पुढची शून्यं त्याच्या गावीही नसतात. भिंतीची लांबी तीच राहिली. पत्ता बदलला.

हे कळलं त्या दिवशी मी बसवलेल्या एका लायब्ररीचे बाइट हेक्स एडिटरमध्ये उघडून पाहिले. माझ्या होम फोल्डराचा पत्ता आणि त्यामागे ओळींमागून ओळी नुसती शून्यं. आलेल्या माणसाला लागेल तेवढी जागा घेऊ द्यावी म्हणून कुणी तरी मोकळं ठेवलेलं अंगण. सुरुवातीला या अंगणाची लांबी ८० बाइटच होती. लोकांचे पत्ते त्यात मावेनात, कॉन्डा 'पॅडिंग एरर' देऊन हात वर करी. २०१६ मध्ये ते २५५ केलं गेलं.

आता आपल्या कामाची एक गोष्ट. हे चौकोन अक्षरांचे नसतात, बाइटांचे असतात. रोमन अक्षर एका बाइटात बसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. फोल्डराला रोमनमध्ये 'प्रकल्प' असं सात अक्षरांत नाव दिलंत तर सात बाइट. तोच शब्द देवनागरीत लिहिलात तर एकवीस. मराठीत फोल्डरांना नावं देणाऱ्या माणसाचं अंगण तिप्पट वेगानं संपतं. ज्या पहिल्या ओळीनं माझा तासभर खाल्ला, तिलाही अशीच मर्यादा आहे. लिनक्स ती १२७ बाइटांपर्यंतच वाचत असे. २०१९ च्या ५.१ आवृत्तीपासून २५५. शिवाय त्या पत्त्यात मोकळी जागा आली की लिनक्सला वाटतं पत्ता तिथेच संपला.

कॉन्डाच्या युक्तीचं कौतुक करताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये त्या चिपसाठी बांधलेल्या प्रत्येक बायनरीवर वैध डिजिटल सही असावीच लागते, आणि पोटातला एक बाइट जरी बदलला तरी सही बाद होते. बाद सहीचा प्रोग्राम मॅक चालूच देत नाही. म्हणून पत्ता बदलून झाला की त्या बायनरीवर जागच्या जागी नव्यानं सही करावी लागते.

त्याहून चमत्कारिक अडचण कंपायलर निर्माण करतो, आणि ती उघडकीला आली वेगळ्याच घरात. निक्स आणि त्याचा जीएनयू भाऊबंद गीक्स यांचं म्हणणं असं, की बिऱ्हाड हलवायचंच कशाला? निक्सची कल्पना एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेक्ट विद्यापीठातल्या २००६ च्या प्रबंधात सविस्तर मांडली. तिथे प्रत्येक पॅकेजचा पत्ता कायमचा: '/निक्स/स्टोअर', पुढे ३२ अक्षरांचा एक हॅश, म्हणजे त्या पॅकेजपुरती ओळखखूण, पुढे नाव. पोटात कोरलेला पत्ता इथे अडचण नसून ठेवा आहे. पॅकेज बांधून झालं की निक्स त्यातल्या सगळ्या बाइटांमधून हे ३२ अक्षरी हॅश शोधतं. ज्या पॅकेजचा हॅश पोटात सापडला, त्यावर हे पॅकेज अवलंबून आहे. कुणी यादी लिहून द्यायला नको. अंगावरच्या गोंदणावरून नातेवाईक ओळखायचे.

गीक्स यापुढे जातं. एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची फट सापडली तर तिच्यावर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजं पुन्हा बांधत न बसता, त्यांच्या पोटातला जुन्या लायब्ररीचा पत्ता खोडून नव्या लायब्ररीचा लिहितात. नाव आणि आवृत्ती मिळून लांबी मात्र तेवढीच भरली पाहिजे. या क्रियेला ते 'ग्राफ्ट' म्हणतात, आणि आपल्याकडे हापूसच्या झाडाला जे करतात तोच हा शब्द: कलम. तर अडचण अशी, की जीसीसी हा कंपायलर वेग वाढवण्यासाठी कधी कधी छोटा मजकूर एकसलग ठेवतच नाही. आठ-आठ बाइटांचे तुकडे करून ते थेट यंत्राच्या आज्ञांमध्ये पेरतो. पत्ता आहे, प्रोग्रामला तो बरोबर मिळतोही, पण फाइलीत सलग कुठेच दिसत नाही. शोधणाऱ्याला हॅश सापडत नाही, कलम करणाऱ्याला फांदी सापडत नाही. गीक्सनं शेवटी स्वतःच्या जीसीसीला एक ठिगळ लावलं: आमच्या पत्त्यांचे तुकडे करायचे नाहीत.

म्हणजे इथवरच्या युक्त्या अशा: पत्ता कानात सांगा, पत्ता खोडून लिहा, किंवा पत्ता कधी बदलूच नका. खरा विंचू अजून आलाच नाही. तोही आहे, आणि तो स्वतःला विचारतो, मी आत्ता कुठे आहे?

लिनक्समध्ये प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी कुठे शोधायच्या याची यादी त्याच्यातच असते. तिथे पूर्ण पत्त्याऐवजी डॉलरचं चिन्ह लावून 'ओरिजिन' असं लिहिता येतं. अर्थ: ही फाइल ज्या फोल्डरात आहे तिथून. मग 'ओरिजिनच्या वरच्या फोल्डरातलं लिब' एवढा पत्ता पुरतो. आपण नाही का सांगत, 'जिन्याशेजारची खोली'? वाडा कोणत्या गावात आहे याच्याशी त्या खोलीला काही देणंघेणं नसतं. मॅकवरही याच जातीची सोय आहे. टेक लाइव्ह हा अक्षरजुळणीचा प्रचंड संच आपल्या आज्ञेची जागा पाहून तिच्यावरून बाकी सगळं शोधतो, म्हणूनच तो एके काळी डीव्हीडीवरून तसाच चालवता येत असे.

पायथनची रीत तर थेट आपल्या गावाकडची. सुरू होताच तो आपल्या फोल्डरापासून एकेक पायरी वर चढत एक ठरावीक फाइल शोधतो: 'ओएस डॉट पाय'. ती जिथे सापडेल त्यावरून घर ठरवतो. पायथनच्या कोडमध्ये तिला 'लँडमार्क' असंच म्हटलेलं आहे. मारुतीचं देऊळ सापडलं की त्यामागचं घर आपलं. माझं व्हेन्व्ह हलवल्यावर मोडलं ते पायथनमुळे नव्हे, त्यातल्या छोट्या स्क्रिप्टांमुळे. त्यांना देऊळ माहीत नव्हतं, फक्त जुना पत्ता पाठ होता.

मात्र 'मी कुठे आहे' हा प्रश्न विचारणं पुरेसं नाही. उत्तर आलं का आणि ते अखंड वापरलं का, हेही पाहावं लागतं. २००१ मध्ये मॅकवरच्या आयट्यून्स २.०च्या इन्स्टॉलरमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घालायची राहून गेली होती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही जणांचा सगळा डेटा गेला, आणि ॲपलला घाईनं २.०.१ काढावं लागलं. जानेवारी २०१५ मध्ये उजेडात आलेली स्टीमची गोष्ट तर थेट बिऱ्हाड हलवण्याचीच आहे. स्टीम हे खेळ विकत घेण्याचं आणि चालवण्याचं दुकान. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एक ओळ होती: स्वतःच्या फोल्डरात जा आणि तो पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेव. पुढे कुठे तरी दुसरी ओळ: त्या पत्त्याखाली जे काही आहे ते सगळं पुसून टाक. एकानं स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं आणि जुन्या जागी लिंक ठेवली. पहिली ओळ फसली, व्हेरिएबल रिकामा राहिला. रिकामा पत्ता, पुढे तिरकी रेघ, पुढे 'सगळं'. म्हणजे मुळापासून सगळं. ज्या ज्या फाइलींवर त्याचा हक्क होता त्या सगळ्या गेल्या, जोडून ठेवलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरच्यासुद्धा. आणि त्या पुसणाऱ्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानंच शेरा मारून ठेवला होता: 'स्केअरी!' भीती वाटली होती, तपासणी घातली नव्हती. शेलमध्ये व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घेऊन त्यापुढे, कंसातच, अपूर्णविराम (कोलन) आणि प्रश्नचिन्ह अशी दोनच चिन्हं घातली, की तो रिकामा असल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबते.

तुम्ही स्वतः कधी पॅकेज बांधत असाल, इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहीत असाल, तर ती पाठवण्यापूर्वी एवढं करून पाहा. देवनागरीत 'नवीन घर' असं नाव देऊन एक फोल्डर करा, मधली मोकळी जागा तशीच ठेवून. एकोणीस बाइट होतात. त्यात तुमचं पॅकेज बसवा, चालवा. मग फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा आणि पुन्हा चालवा. आणि हे सगळं करायच्या आधी बॅकअपचा ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा.